पाझर तलावावर नारिंगी जाकीट

दुर्बीण डोळ्यांना लावली की माणसाची पाठ आंधळी होते, हे मला पक्ष्यांच्या एकाही पुस्तकात वाचायला मिळालं नाही. चोच कशी बघावी, शेपटी कशी बघावी, उडताना पंखाखालचा रंग कसा टिपावा, सगळं असतं. पण समोर लांबवरच्या पक्ष्याच्या पापण्या दिसत असताना आपल्या मागे कोण येऊन उभं राहिलंय हे कसं बघावं, ते नसतं. लिहिणाऱ्यांवर मागे वळून बघायची वेळ आली नसावी बहुतेक. भाग्यवान लोक.

मी पन्नाशी ओलांडल्यावर पक्षी बघायला लागले, आणि त्यात उदात्त असं काही नाही. मान आखडली होती. डॉक्टर म्हणाले, खाली मोबाइलमध्ये बघणं कमी करा, वर बघत जा. आता पुनावळ्याच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून वर बघितलं की वरच्या मजल्यावरची वाळत घातलेली पँट दिसते. म्हणून बाहेर पडले, आणि पडले ती पडलेच.

कुणाच्या तरी ओळखीने पक्षी बघणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेले. तिथे पुरुष मंडळी टाकत असतात, "आज पहाटे सोलो! तलावावर चिटपाखरू, म्हणजे माणूस, नाही. स्वर्ग!" खाली पंचवीस अंगठे. माझ्या घरात हेच वाक्य मोठ्याने वाचलं तर तीन माणसं एकदम ओरडतील. तीन म्हणजे नवरा, मुलगी आणि काळेवाडीला राहणारी नणंद. पैकी नवरा सगळ्यात मोठ्याने, कारण तो त्याचा पेशाच आहे. आमचे हे चाकणच्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहेत. दुसऱ्यांना हेल्मेट घालायला लावण्यात त्यांची सगळी हयात गेली. घरात गॅसच्या शेगडीजवळ पिवळा पट्टा मारलाय, त्याच्या आत पाहुण्यांनी यायचं नाही. लग्नाच्या वाढदिवसाला मला त्यांनी अग्निशामक नळकांडं दिलं होतं. लाल रंगाचं, रिबन लावून.

तर माझी जागा म्हणजे चाकणच्या अलीकडचा एक पाझर तलाव. कंपन्यांच्या मागच्या भिंती जिथे संपतात तिथे तो लपून बसलाय. एका अंगाला तारांचं कुंपण, दुसऱ्या अंगाला शेतं, मध्ये मातीचा बांध आणि बांधावर बाभळी. पाण्यावर कमळाची पानं आणि लग्नकार्यातून वाहत आलेल्या थर्माकोलच्या प्लेटा. दोन्ही गोल, आणि शेवाळ धरल्यावर दोन्ही हिरव्या, त्यामुळे सुरुवातीला मी बराच वेळ एका प्लेटकडे कासव म्हणून बघत होते.

त्या श्रावणात तिथे मला कमळपक्ष्याचं घरटं सापडलं. पांढरे पंख, मानेवर सोनेरी पट्टा, लांब झोकदार शेपटी, आणि पायाची बोटं इतकी लांब की पानांवरून तो चालत नाही, पसरतो. घरटं म्हणजे तरंगत्या पानांवर ओल्या काड्यांचा पसारा, त्यात लोटीसारखी चकचकीत तपकिरी अंडी, आणि त्यांवर बसलेला नर. हो, नर. ह्या पक्ष्यात मादी अंडी घालते आणि दुसरा संसार थाटायला निघून जाते. उबवणं, राखणं, पिल्लांना फिरवणं सगळं बापाकडे. हे मी घरी जेवताना सांगितलं तेव्हा ह्यांनी आमटी वाढून घेतली आणि महापालिकेच्या पाणीकपातीचा विषय काढला.

मला ती पिल्लं बघायची होती. बाकी काही मागणं नव्हतं. अंड्यातून बाहेर पडल्या पडल्या ती पानांवर चालायला लागतात म्हणे, बापाच्या पंखाखालून नुसते पाय लोंबताना दिसतात म्हणे. ते 'म्हणे' मला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी खोडायचं होतं. त्यासाठी दर शनिवारी सकाळी स्कूटरवरून जायचं, बाभळीखाली गप्प बसायचं आणि डोकं शांत ठेवायचं, एवढंच करायचं होतं.

दुसऱ्याच शनिवारी मागे मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर तिशीतला एक माणूस. हेल्मेट काढलं नाही, गाडीवरून उतरला नाही, नुसता माझ्याकडे बघत बसला. मी दुर्बीण खाली घेतली. त्याने नजर हलवली नाही. मी फोन कानाला लावला आणि पलीकडे कुणीच नसताना मोठ्याने म्हणाले, "हो, हो, आलात का जवळ? सगळे आलात? या, या!" सगळे! जणू मी लग्नाचं वऱ्हाड बोलावतेय. स्कूटरची किल्ली मुठीत घट्ट धरली होती, ती हातात रुतली तेव्हा कळलं. तो माणूस आणखी थोडा वेळ बसला आणि काही न बोलता निघून गेला.

झालं काहीच नाही. हे सांगायलासुद्धा लाज वाटते, कारण काहीच झालं नाही म्हटल्यावर समोरचा माणूस "मग?" असं विचारतो. पण घरी येईपर्यंत मी दर सिग्नलला मागे वळून बघत होते, आणि मला राग आला होता. त्याचा आला होताच. त्याहून जास्त ह्याचा आला होता, की तेवढ्या वेळात घरट्यावर काय झालं ते मला दिसलंच नाही.

मग मी चूक केली. घरी सांगितलं.

"हा निअर मिस आहे," हे म्हणाले. त्यांच्या कंपनीत, अपघात होता होता टळला की त्याला असं म्हणतात आणि त्यावर बैठक घेतात. आमच्याकडे बैठक डायनिंग टेबलावर झाली.

"हॅझार्ड काय काय आहेत तिथे?" ह्यांनी विचारलं.

"एक माणूस," मी म्हणाले.

"आणि पाणी. साप. निसरडा बांध. तारेचं कुंपण, गंजलेलं असणार. धोका झाला तर सगळ्यांनी जमायला असेंब्ली पॉइंट आहे का?"

"अहो, तलाव आहे तो."

"म्हणजे नाही."

मुलगी लॅपटॉपवर कंपनीचं काम करता करता म्हणाली, "आई, तू लाइव्ह लोकेशन ऑन ठेव. आणि बाबा, तुम्ही तिला दर अर्ध्या तासाने फोन करा." मी म्हटलं, फोन वाजला की पक्षी उडतात. ती म्हणाली, "मग व्हायब्रेटवर ठेव ना. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड." ह्या मुलीचे प्रॉब्लेम फार लवकर सॉल्व्ह होतात, कारण ते बहुतेक माझे असतात.

शेवटी ठरलं की एकटीने जायचं नाही, जोडीदार पाहिजे. पुढच्या शनिवारी हे स्वतः आले. बांधावर उभं राहून आधी त्यांनी पायाने मुरूम दाबून बघितला, मग बाभळीची फांदी हलवून बघितली, मग त्यांना कंपनीतून फोन आला आणि ते कुणाला तरी क्रेनच्या साखळीवरून झापायला लागले. तलावावरचा प्रत्येक बगळा ती झापणी ऐकून शेजारच्या तालुक्यात गेला. कमळपक्षी मात्र अंड्यांवरून हलला नाही. त्या बापाला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

त्याच्या पुढच्या शनिवारी नणंद आल्या. वन्सं मनाने अतिशय चांगल्या. त्यांनी सतरंजी आणली, थर्मास आणला, साबुदाण्याची खिचडी आणली. आल्या आल्या म्हणाल्या, "कुठंय गं तुझं ते पाखरू?"

"हळू बोला, वन्सं. ते काय, पानावर बसलंय."

"हे? एवढ्यासाठी पेट्रोल जाळतेस?" मग सतरंजीवर मांडी घालून त्यांनी जावेच्या भावाच्या घटस्फोटाची हकिगत सुरू केली, ती खिचडी संपल्यावरही चालू होती. परतताना म्हणाल्या, "बरं वाटलं बाई. येऊ पुढच्या शनिवारी पण." मी हेल्मेटच्या आत दात आवळले.

सोबत असली की भीती वाटत नाही, हे मला मान्य आहे. पण सोबत असली की दुसरंही काही होत नाही. एकटीने बसायचं तर पाठ जागी ठेवायची आणि सोबतीने बसायचं तर कान पिकवून घ्यायचे. ह्या दोन्हींच्या मधली एखादी जागा देवाने बायकांसाठी ठेवलीय की नाही?

ह्यांनी ती जागा शोधून काढली. एका संध्याकाळी ते दोन खोकी घेऊन घरी आले. एकात तिपाईवर बसवायची मोठी दुर्बीण. "आता बांधावर जायचंच नाही. शेताच्या कडेच्या रस्त्यावर उभं राहायचं, लोकांच्या नजरेत. तिथून बघ." दुसऱ्या खोक्यात नारिंगी जाकीट, त्यावर चमकणारे पट्टे, खिशाला दोरीने बांधलेली शिट्टी. "लांबून दिसशील. जो दिसतो त्याला कुणी हात लावत नाही. काही वाटलंच तर शिट्टी."

"अहो, पक्ष्यांनाही दिसेन ना मी."

"पक्ष्यांकडून धोका नाहीये."

पण एकटीने जायची परवानगी मिळाली होती, तीही वन्संना न दुखावता. अंडी आता फुटायच्या बेतात असणार असा माझा अंदाज होता. जाकीट घालायची माझी तयारी होती. त्यांनी डोक्यावर लाल दिवा बांधायला सांगितलं असतं तरी बांधला असता.

शनिवारी सकाळी शेताच्या कडेला स्कूटर लावली. जाकीट चढवलं. तिपाईचे पाय ओढून लांब केले, दुर्बीण बसवली, एक डोळा मिटला आणि तलावाकडे रोखून बघायला लागले. मधल्या शेतातलं सोयाबीन आड येत होतं म्हणून तिपाई उचलून दहा पावलं पलीकडे ठेवली. पुन्हा बघितलं. पुन्हा थोडी सरकवली.

आता चाकणच्या पट्ट्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, शेताच्या कडेला नारिंगी जाकीट घालून, तिपाईवरच्या यंत्रात एक डोळा मिटून बघणारा आणि दर थोड्या वेळाने यंत्र सरकवणारा माणूस कोण? शेंबडं पोरही सांगेल. मोजणीवाला. कंपनीसाठी नाही तर रस्त्यासाठी जमीन घ्यायची असली की आधी तोच येतो. माझं माहेर ह्याच भागातलं, आणि तरी हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात पिल्लं होती.

"कशाची मोजणी चाललीय, मॅडम?"

वळून बघितलं तर पाच-सहा माणसं. पुढे एक साठीची बाई, कमरेला पदर खोचलेला, हातात विळा. गवत कापता कापता आली होती, पण विळा तो विळाच.

"मोजणी नाही हो. पक्षी बघतेय."

"पक्षी," मागचा एकजण म्हणाला. "मागच्या बारीला आलेले म्हणले झाडं मोजतोय. सहा म्हैन्यात नोटीस दारात."

"खरंच पक्षी. बघा ना तुम्ही यंत्रातून."

"आमी कशाला बघू? आमचं रान आमाला तोंडपाठ हाय." त्याने तिपाईचा एक पाय धरला. "हे आधी उचला हितनं."

दुसरा मोबाइल काढून माझं शूटिंग करायला लागला. "कुठल्या हापिसातनं आलात? आयकार्ड दाखवा." एकाने जाऊन माझ्या स्कूटरची किल्ली काढून खिशात टाकली. आणि घाबरलेला माणूस जसं शिकवलं तसं करतो. मी शिट्टी वाजवली.

काय सांगू, कंपनीची शिट्टी ती. तीन शेतं पार गेली. पलीकडच्या रानातून, विहिरीवरून, गोठ्यातून माणसं धावत यायला लागली. "बोलव, बोलव, तुझी सगळी टीम बोलव!" तिपाई धरलेला माणूस ओरडला. मी शिट्टी तोंडातून काढली, तोवर पाच-सहाचे वीस झाले होते.

तेवढ्यात फोन थरथरला. अर्धा तास झाला होता. घाईत उचलताना स्पीकर चालू झाला, आणि त्या सगळ्या घोळक्याला ह्यांचा खणखणीत आवाज ऐकू गेला.

"हां, पोचलीस का साइटवर?"

घोळका फोनजवळ सरकला.

"अहो, ऐका..."

"जाकीट अंगावर आहे ना? काढायचं नाही. लोकांना कळू दे. साइटवर माणसं किती आहेत?"

"बघा!" किल्लीवाला म्हणाला. "सायेब इचारतोय, माणसं किती!"

"अहो, फोन ठेवा!" मी किंचाळले. लग्न झाल्यापासून इतक्या मनापासून मी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

फोन बंद झाला. विळावाली बाई पुढे आली. ती माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत होती. जाकिटाच्या आतल्या माझ्या जुन्या कॉटनच्या कुर्त्याकडे, पायातल्या चपलांकडे, हातातल्या बांगड्यांकडे.

"म्हाएर कुठलं तुझं?" तिने विचारलं.

मी गावाचं नाव सांगितलं. तिथून तीन गावं पलीकडचं.

"कुठल्या आळीत?"

"वरच्या. पिठाच्या गिरणीशेजारी."

"गिरणीवाल्यांची कोण तू?"

"पुतणी."

"धाकल्याची का थोरल्याची?"

"धाकट्याची."

तिने विळा खाली घेतला. "तुजी थोरली चुलती माज्या मामेबहिणीची नणंद हाय. आन तू हितं कोट घालून, यंत्र लावून, शिट्ट्या फुकतीस व्हय गं? आधी सांगायला काय झालं हुतं?"

आधी काय सांगायचं होतं? तलावावर जाण्यापूर्वी थोरल्या काकूच्या भावजयीच्या आतेबहिणी शोधायच्या, हे कुठल्या सेफ्टीच्या पुस्तकात आहे? पण ते मी बोलले नाही. मला रडू येत होतं आणि ते त्या सगळ्यांसमोर येऊ द्यायचं नव्हतं. किल्ली परत मिळाली. शूटिंग करणाऱ्याने, "ताई, डिलीट केलं बरं का," असं दोनदा सांगितलं. तिपाईचा पाय धरणाऱ्याने यंत्रात डोळा घातला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "पाणकोंबडी हाय." आणि निघून गेला. कमळपक्ष्याला पाणकोंबडी म्हटल्याचं मला त्या क्षणी काहीही वाटलं नाही.

चहा घ्यावाच लागला. माहेरवाशीण शेताच्या कडेपर्यंत येऊन घरी येत नाही म्हणजे काय! चुलीसमोर बसून मी त्या बाईला, म्हणजे आता मावशींना, मोटरसायकलवाल्याची गोष्ट सांगितली. मला वाटलं त्या हसतील.

"त्यो व्हय," त्या म्हणाल्या. "त्यो येतो अधूनमधून. कंपनीतला हाय, नाईट करून येतो. कुणाशी बोलत न्हाई. चांगला हाय का वंगाळ, आमाला तरी काय ठाव? कुणाच्या कपाळावर लिवलेलं नसतं. तू सावध ऱ्हायलीस ते बरं केलंस." मग कपात आणखी चहा ओतत म्हणाल्या, "मी रोज सकाळच्याला वैरणीला बांधापाशीच असते. तू बस तुज्या पाखरापाशी. मी हाक मारीन. तू ओ दे. ओ न्हाई आली तर मी इळा घिऊन येते."

घरी गेल्यावर ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. वीस माणसांचा घोळका म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी जाकिटाची घडी घालून ते खोक्यात ठेवलं. मग म्हणाले, "बंद करू या हे सगळं. नको जाऊस आता." आणि हे त्यांनी सेफ्टी ऑफिसरच्या आवाजात नाही, नवऱ्याच्या आवाजात म्हटलं. ते मला जास्त जड गेलं. सेफ्टी ऑफिसरशी भांडता येतं.

मी म्हणाले, "तिथे आता मावशी आहेत."

"कोण मावशी?"

"थोरल्या काकूच्या नणंद लागतात. म्हणजे त्यांच्या आतेबहिणीच्या... जाऊ द्या. त्यांच्या हातात विळा असतो."

"रोज असतात?"

"रोज."

"त्यांचा नंबर दे."

"त्यांच्याकडे फोन नाही. त्या हाक मारतात."

ह्या व्यवस्थेत कुठे फट आहे ते शोधत ते रात्रीचं जेवण होईपर्यंत बसले, आणि त्यांना ती सापडली नाही. मला दुसऱ्याच दिवशी, रविवारी, सापडली. जाकीट घरी ठेवून मी बाभळीखाली बसले होते. घरट्यावर नर अस्वस्थ होता, सारखा उठत होता, पुन्हा बसत होता. आणि नेमकी गवतातून हाक आली, "हायेस का गं?" मला वाटलं, आता हा उडणार. पण तो हललासुद्धा नाही. बगळेही जागचे हलले नाहीत. मावशींचा आवाज ते जन्मापासून ऐकत असणार. मग मी ओ दिली, "आहे!" आणि निम्मा तलाव उडाला.

मी जाऊन मावशींना सांगितलं, की तुमची हाक चालते, माझी ओ चालत नाही. त्या म्हणाल्या, "मग हात वर कर. मला दिसतं."

असं आमचं ठरलं. त्या बराच वेळाने एकदा हाक मारतात, मी हात वर करते. नेमकं काही बघण्यासारखं घडत असतं तेव्हाच हाक येते, हे सांगायला नकोच. हात वर केला की दुर्बीण एका हातात राहते आणि समोरचं सगळं नाचायला लागतं. त्याच रविवारी पुढची हाक आली तेव्हा नर घरट्यावरून उठून पानावर आला होता. चिडून मी डावा हात वर केला आणि उजव्या हाताने दुर्बीण कशीबशी दाबून धरली. नाचणाऱ्या त्या गोलात त्याच्या पंखाखालून चार-सहा बारीक पाय लोंबत होते. मोजता आले नाहीत. हात तसाच वर ठेवून मी बघत राहिले, इतका वेळ की मावशी पुन्हा ओरडल्या, "आगं दिसलं, दिसलं! घे आता खाली!"